कोकणात बांधायचंय? कातळ, जांभा, भेगा आणि दरडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आणि गणपती, या दोन सीझनला माझा फोन वाजायला लागतो. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, घर बांधायचं डोक्यात असतं, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की हा साईटवर असतो, याला विचारा. मी सिव्हिलवाला, रत्नागिरी-सिंधुदुर्गात रस्ते, मोऱ्या, घरं अशी मिळतील ती कामं केली, जिऑलॉजी कॉलेजात एक पेपर होता तेवढीच, बाकीची पोकलेनच्या मागे उभं राहून शिकलो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आमच्या जागेत सगळा कातळच आहे, मग पायाचं टेन्शन नाही ना?

आधी सांगा कुठला कातळ. आपण सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाट माळावरच्या, जांभ्याला कातळ म्हणतो आणि नदीतल्या काळ्या दगडालाही कातळच म्हणतो, आणि दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला तो. जांभा म्हणजे बहुतेक ठिकाणी तोच दगड, लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन कुजलेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून लाल.

आता गंमत बघा. घाटावर खणत गेलात की खाली खाली कडक लागत जातं, माती, मग मुरूम, मग खडक. सड्यावर उलटं. वर कडक कवच, त्याखाली भोकाभोकांचा जांभा, त्याच्याखाली पांढरी-गुलाबी चिकणमाती जी ओली झाली की साबणासारखी हातातून सटकते, आणि मग कधीतरी खाली काळा दगड. म्हणजे तुम्ही 'कातळावर' उभे असता, पण तो कातळ स्वतः कशावर उभा आहे ते बघायला लागतं. साधं घर, एक मजला, सड्याच्या मध्यावर, तर कवच चांगलं जाड असेल तर खरंच टेन्शन नाही. पण सड्याच्या कडेला, जिथून समुद्र दिसतो म्हणून सगळ्यांना बंगला हवा असतो, तिथे खालची माती पावसात हळूहळू धुपून जाते आणि वरचं कवच पुढे छज्ज्यासारखं लोंबत राहतं. उतारावर टेम्पोएवढे जांभ्याचे तुकडे पडलेले दिसतात ना, ते असेच वरून तुटून आलेले. कडेपासून किती आत घ्यायचं त्याचा एकच आकडा सगळीकडे चालत नाही, पण खाली उतरून कडेच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय लाईनआऊट, म्हणजे घराची आखणी, करू नका.

चिरेखाणीतले, म्हणजे जांभ्याचे चिरे कापतात तिथले, जुने कामगार पहार आपटून आवाज ऐकतात. भरीव असेल तर टणक वाजतं आणि पोकळ असेल तर ढब्ब. मी आधी हसायचो, पण एकदा त्यांनी ढब्ब सांगितलेल्या जागी जेसीबीचं बकेट सरळ आत गेलं, खाली माणूस वाकून जाईल एवढं भुयार होतं, पाण्याने कोरलेलं.

जांभा आणि काळा दगड, ताकदीत फरक किती?

खूप. चांगला घट्ट बेसॉल्ट दाबाला १०० ते २०० मेगापास्कल (दाब मोजायचं माप) सहज घेतो, आपण घराला वापरतो ते एम-२० काँक्रीट २०, आणि चिऱ्याला आयएस ३६२० या भारतीय मानकात किमान अपेक्षा ३.५ ची आहे. पण चिऱ्याच्या भिंतीला तेवढं पुरतं, म्हणून आकडा बघून चिऱ्याला नावं ठेवू नका. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून एक उन्हाळा तरी खाऊ द्यायचा ही जुन्या गवंड्यांची पद्धत बरोबर आहे.

मग काळा दगड एवढा कडक असून रस्त्याच्या कटिंगमध्ये आणि बोगद्यात पडतो कसा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचंच उत्तर लोक नीट ऐकत नाहीत. तुम्ही लॅबला जो तुकडा पाठवता तो मुठीएवढा, त्यात भेग नसते, कारण भेग असती तर तो तिथेच तुटला असता. डोंगर मात्र भेगांनी भरलेला असतो. लाव्हा थंड होताना आकसला, त्यातून उभ्या भेगा पडल्या, कधी कधी त्या इतक्या नीट असतात की दगडाचे षटकोनी खांब उभे केल्यासारखं दिसतं. मग एक थर संपून दुसरा सुरू होतो ती आडवी फट. मग जमीन हलली-ताणली गेली त्याच्या तिरप्या भेगा. या तिन्ही एकमेकींना छेदल्या की डोंगर म्हणजे सिमेंट न लावता रचलेला गडगा झाला. गडग्यातला एकेक चिरा कितीही टणक असू दे, तुम्ही खालचा चिरा काढलात की काय होतं ते सांगायला नको.

आणि त्यात तांबडा थर. दोन लाव्हांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो, कुठे वीतभर कुठे पुरुषभर. पहिला लाव्हा उघडा पडून कुजला, माती झाली, आणि वरून दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजली, असं त्याचं साधारण. उन्हाळ्यात हा थर कुदळीला दाद देत नाही. एका साईटवर ठेकेदार म्हणाला साहेब हा पण रॉकच आहे, रॉकचाच रेट लावा. मी त्याचा नारळाएवढा ढेकूळ घेतला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. चहा होईपर्यंत त्याच्या कडा सुटायला लागल्या, बुडबुडे यायला लागले, संध्याकाळी बघितलं तर तळाला लाल चिखल आणि वर पाणी. रेटचा विषय तिथेच संपला. पावसाळ्यात डोंगराच्या पोटात हेच होतं, तांबडा थर भिजून ढिला होतो, वरचा काळा दगड पाणी आडवून बसलेला असतो, आणि थर निसटला की वरचे खांब एकेक करून खाली.

बादलीची टेस्ट फुकट आहे, कोणीही करू शकतो. ज्या दगडात पांढरे-हिरवट ठिपके भरलेले दिसतात, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, त्याचीही करा. काही जातीचा मांजऱ्या खणताना एकदम मस्त लागतो, सरळ कापला जातो, आणि उघडा पडल्यावर काही महिन्यांत भुगा व्हायला लागतो. असा दगड पायात लागला तर त्याच दिवशी वर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, मारून झाकून टाका.

आपल्याकडे हिमालयासारख्या दगडाला घड्या पडल्यात का?

रायगड आणि रत्नागिरीत बेसॉल्टला घड्या नाहीत. तिथे जे झालंय ते म्हणजे भेगा, थोडं वरखाली सरकणं आणि कल. पनवेलच्या आसपास थर पश्चिमेकडे वाकलेत, म्हणजे घाटमाथ्यावर जे थर जवळपास आडवे आहेत तेच खाली समुद्राच्या बाजूला कललेले मिळतात. पुस्तकात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात.

सिंधुदुर्गात खाली गेलात की गोष्ट बदलते. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, मालवण या बाजूला लाव्हाच्या कितीतरी आधीचे दगड उघडे पडलेत, नाईस, शिस्ट, क्वार्ट्झाईट, काही तर अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुने. ते खरोखर दाबले, वाकवले, भाजले गेलेत. रेडीचं लोखंडही याच जुन्या दगडांतलं. शिस्टला वहीसारखी पानं असतात. वहीवर वरून वजन ठेवलं तर काही होत नाही, पण तिरपी धरून बाजूने ढकललीत तर पानं सरकतात, तसंच. तिथे कटिंग करताना पानं रस्त्याकडे उतरतायत की डोंगराच्या आत, एवढं एक बघितलं तरी निम्मं काम झालं. रस्त्याकडे उतरत असतील तर त्या बाजूला उभं कटिंग मारूच नका. शेजारच्याने मारलंय आणि अजून उभं आहे हे कारण होत नाही, त्याचा डोंगर कदाचित उलटा कललेला असेल.

डाईक म्हणजे काय? बोअरवाला सारखा म्हणत होता.

लाव्हा वर येताना ज्या उभ्या फटीतून आला त्या फटीतच काही गोठून राहिला, ती भिंत म्हणजे डाईक. कोकणात हे बहुतेक उत्तर-दक्षिण धावतात. कधी आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक, मग माळावर बांध घातल्यासारखी काळी रांग दिसते, कधी त्याचेच बारीक तुकडे झालेले, मग तिथे चर पडतो. बोअरवाल्याला इंटरेस्ट एवढ्यासाठी की डाईक पाण्याला आडवा येतो, एका बाजूच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आणि पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी. तुम्हाला इंटरेस्ट एवढ्यासाठी की घराचा पाया अर्धा डाईकवर आणि अर्धा बाहेर आला तर दोन बाजू सारख्या बसणार नाहीत. बोगद्यात डाईक लागला की त्याच्या कडेला साठलेलं पाणी अंगावर येतं.

मोठ्या फटींची अजून एक खूण आपल्या रोजच्या बघण्यातली आहे, गरम पाण्याचे झरे. उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, नकाशावर टिंबं लावून बघा, साधारण एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात येतात. खोलवर जाणाऱ्या भेगा असल्याशिवाय पाणी एवढं तापून वर येत नाही.

सॉईल टेस्ट करायलाच हवी का? आमच्याकडे कोणी करत नाही.

एक माझीच चूक सांगतो. एका दुमजली घराला आम्ही चार कोपऱ्यांत खड्डे घेतले, तीन ठिकाणी साताठ फुटांवर काळा दगड, चौथ्यात पाच फुटांवरच लागला, पहार आपटली तर ठिणगी उडाली. मी म्हटलं बरंच झालं, काँक्रीट वाचलं, आणि फूटिंग तिथेच ठेवलं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या कोपऱ्यातल्या खिडकीच्या वरून तिरपी भेग निघाली, करंगळी जाईल एवढी. खणून बघितलं तर तो खडक नव्हताच, मुरमात बसलेला गोल धोंडा होता, बैलगाडीएवढा. बेसॉल्ट कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मध्ये टणक गाभा राहतो, आजूबाजूला सगळा मुरूम. मालकाने तोंडावर काही म्हटलं नाही पण पुढची दोन वर्षं लग्नात भेटले की भेगेचा फोटो दाखवायचे. अंडरपिनिंगचा, म्हणजे पायाला खालून नवा आधार द्यायचा, खर्च अर्धा मी दिला.

तेव्हापासून नियम, दगड लागला की थांबायचं नाही, ड्रिलने त्याच्यात निदान तीन मीटर आत जाऊन तो खाली चालू राहतो का ते बघायचं. आणि बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत लावून आल्या की रिपोर्टच्या आकड्यांआधी स्वतः पेटी बघा. वीतवीतभर अखंड कांड्या आल्या असतील तर छान. सगळा चुरा असेल, किंवा मध्येच हात-दीड हात काहीच मिळालेलं नसेल, तर नेमकी तीच जागा धोक्याची, आणि काही लोक पेटीत तेवढी जागा गुपचूप भरून टाकतात हेही माहीत असू द्या.

प्लॉट उताराचा आहे, अर्धा कापून अर्धा भरून सपाट केला तर?

सगळे हेच करतात आणि सगळ्यात जास्त भेगा याच घरांना बघितल्यात. डोंगराकडची अर्धी बाजू कापलेल्या कातळावर, ती एक मिलिमीटर हलत नाही. दरीकडची अर्धी बाजू कालपरवाच्या भरावावर, ती तीन पावसाळे तरी बसत राहते. घर मधून चिरतं. भरावाच्या बाजूचे कॉलम भराव सोडून खाली मूळ दगडापर्यंत न्या, जोतं उंच दिसेल, दिसू दे, खाली सामान ठेवायला जागा होईल. नाहीतर घरच दोन पातळ्यांवर बांधा, आपली जुनी घरं पायऱ्या-पायऱ्यांची होती ती उगीच नव्हे.

आणि मागची कापलेली बाजू. तिला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत, बांधतात आणि पाणी जायला भोकंच ठेवत नाहीत, किंवा ठेवली तर मागे खडी न भरता थेट माती लोटतात, भोकं पहिल्याच वर्षी बुजतात. भिंत मातीने कमी आणि पाण्याने जास्त पडते.

दरड येणार हे आधी कळतं का?

नेमका दिवस नाही कळत, पण डोंगर बऱ्याचदा आधी सांगतो. घराच्या वरच्या अंगाला गवतात चंद्रकोरीसारखी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नवीनच ठिकाणाहून फुटणं, किंवा भर पावसात पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी एकदम कमी होणं, विजेचा खांब कलणं, काल लागणारा दरवाजा आज न लागणं. यातलं काही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल तर त्या रात्री तिथे झोपायचं नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकत बसायचं नाही, आधी माणसं हलवायची.

महाडजवळ जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावं जुलै २००५ मध्ये, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. महिना बघा, जुलै, पहिल्या पावसाने भिजून फुगलेल्या डोंगरावर दुसरा मोठा पाऊस. खाली काळा दगड पाणी पीत नाही, वर माती-मुरमाचा थर पाणी पिऊन जड झालेला, दोघांच्या मध्ये पाणी साठलं की वरचा थर गालिच्यासारखा सरकतो. त्यात पायथ्याला रस्त्यासाठी, गोठ्यासाठी थोडं जरी कापलेलं असेल तर आधार गेलेलाच असतो. मुंबई-गोवा हायवेवरच्या परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या कटिंगनंतर दर पावसाळ्यात काय होतं ते तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोकण रेल्वेने एवढे बोगदे केले, मग आपण एवढं का घाबरायचं?

केले, पण फुकट नाही झाले. ९० च्या वर बोगदे, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाईन सुरू झाली. त्या लोकांना काळ्या दगडात कमी त्रास झाला, खरा घाम काढला तो मऊ मातीच्या बोगद्यांनी, गोव्यातला पेडण्याचा त्यातलाच, जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी घुसून गाड्या थांबल्या होत्या. आणि कटिंगं. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस, तिथेही रुळावर धोंडेच. नंतर कटिंगं रुंद केली, जाळ्या बसवल्या, रॉक बोल्ट (दगड बांधून धरणाऱ्या लोखंडी सळया) मारले, पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, गस्त घालतात. गाडी लेट झाली म्हणून शिव्या घालताना हे आठवावं एवढंच.

चांगला काळा दगड मिळाला तर काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच चिपळूण तालुक्यात आहे, पोफळीच्या डोंगराच्या पोटात अख्खं पॉवरहाऊस बसवलंय. कोयनेच्या तलावाच्या तळाला बोगदा नेऊन शेवटचा दगड सुरुंगाने उडवायचं लेक टॅपिंग १९९९ आणि २०१२ असं दोनदा केलं. तिथे आधी वर्षानुवर्षं बोअर घेऊन भेगा मोजल्या होत्या.

शेजारी सुरुंग लावतोय, माझ्या घराला भेगा पडतील का?

पडू शकतात, अंतर आणि एका वेळी किती दारू उडवतात यावर आहे. दगड अखंड असेल तर हादरा लांब जातो. काम सुरू व्हायच्या आधी आपल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, असलेल्या भेगांवर पेन्सिलने टोकं खुणावून ठेवा, नंतर भांडणात तेच कामाला येतं. वस्तीत सुरुंगाला पर्याय आहेत, ब्रेकर, किंवा भोकं पाडून त्यात फुगणारी पावडर भरायची, रात्रीत दगड आवाज न करता फुटतो. महाग पडतं, पण शेजारी बोलतो तरी.

सड्यावर शोषखड्डा चालेल ना?

काळ्या कातळात पाणी शोषतच नाही, वर येतं. जांभ्यात उलट, एवढं पटकन शोषतं की घाण पाणी न गाळताच भोकांतून खालच्या वाडीच्या विहिरीत पोचतं. वरच्या बंगल्याचा शोषखड्डा आणि खालच्यांना जुलाब, असं प्रत्यक्ष बघितलंय. बंद टाकी घ्या.

भूकंपाचं काय?

११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट अजून चिपळूण-संगमेश्वरकडची म्हातारी माणसं सांगतात, सहाच्या वर तीव्रता होती. २०१६ च्या भूकंप-नकाशात कोयनेकडचा पट्टा झोन ४, कोकणचा बराच भाग झोन ३ होता, आकडा मोठा तेवढा धोका जास्त. चिऱ्याच्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेल्या, घराला जोत्यावर, लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छपराखाली असे सलग आरसीसी पट्टे घाला, कोपरे बांधून घ्या. जास्त खर्च नाही.

आमच्या पणजोबांनी काहीही टेस्ट न करता बांधलेलं घर दीडशे वर्षं उभं आहे.

आहे ना, पण त्यांनी जागा कुठली निवडली ते बघा. पऱ्ह्यापासून लांब, डोंगर न कापता, वाडीतल्या चार माणसांनी वीस पावसाळे बघितलेल्या जागी, आणि घर एकमजली, वर कौलं. जी घरं चुकीच्या जागी बांधली ती पडली, त्यांची चौथरी रानात दिसतात, ती आपण मोजत नाही. सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू झालं तेव्हासुद्धा महाराजांनी आधी बेट निवडलं, कुरटे, पक्क्या खडकाचं, आणि मग त्या खडकाला धरून तट फिरवला, म्हणून तो एवढा वेडावाकडा.

जागा बघायला कधी येऊ?

मे महिन्यात सगळेच येतात, तेव्हा सगळ्या जागा चांगल्या दिसतात. जुलैत या, तीन दिवस सलग पाऊस लागल्यावर, छत्री नको, इरलं किंवा रेनकोट घाला आणि पायात जुन्या चपला. कटिंगमधून पाणी कुठून फुटतंय, किती उंचीवर, आणि त्याचा रंग काय आहे ते बघा. स्वच्छ असेल तर भेगेतून येतंय. लाल किंवा दुधी असेल तर आतून काहीतरी वाहून चाललंय, मग इसार द्यायच्या आधी मला फोन करा.